किस्मचा रकाना

माझं पहिलं सरकारी काम म्हणजे डोंगराला डोंगर म्हणायचं की टेकडी, हे ठरवणं. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसतहसतच सांगतो, पण एका जागी आलो की विषय बदलतो. आता वय झालं, विषय बदलायचाही कंटाळा येतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

राज्य निजामाचं होतं. जिल्ह्यात नावानं ओळखलं जाणारं जे जे काही होतं, गाव, नदी, ओढा, खिंड, तलाव, बारव, दर्गा, देऊळ, पडकी गढी, त्या सगळ्याची एक मोठी यादी छापायची असं वर कुणाच्या तरी मनात आलं होतं. हैदराबादहून उर्दूत छापलेले तक्ते आले. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात तालुका, तिसऱ्यात किस्म. किस्म म्हणजे प्रकार. नावं पटवाऱ्यांनी लिहून पाठवायची आणि किस्म आमच्या खोलीनं ठरवायची, अशी वाटणी होती. तक्त्याच्या पाठीवर अठरा किस्मी छापलेल्या होत्या. त्यांतली एक निवडायची. एका नावाला दोन द्यायच्या नाहीत आणि पदरची एकोणिसावी काढायची नाही.

आमची खोली म्हणजे औरंगाबादेत शहागंजाच्या बाजूला एका जुन्या इमारतीचा मागचा भाग. खोलीत माणसं दोन. एक मी, मराठी घरातला पण उर्दू शाळेतून निघालेला, आपलं अक्षर फार वळणदार आहे अशी घमेंड असलेला बावीस वर्षांचा कारकून. दुसरे मुन्शीजी. त्यांना दमा होता. सकाळी जिना चढून आले की अर्धा तास ते नुसते बसून असत, मग पानाचा डबा उघडत आणि मग तक्ता. माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते, पण मला ‘मियाँ’ म्हणत आणि डब्यातलं पान आधी माझ्यापुढे करत.

पटवारी लोकांचं काही विचारू नका. एकानं आपल्या गावामागच्या उंचवट्याला ‘पहाड’ लिहिलं होतं. त्या उंचवट्यावर मी लहानपणी पतंग उडवले होते. दुसऱ्यानं अख्ख्या डोंगराला ‘माळ’ लिहून मोकळं केलं होतं. एकानं बारवेपुढे ‘नदी’ लिहिलं होतं, कारण विचारलं तर म्हणाला, पाणी कधी आटत नाही. मी चिडायचो. मुन्शीजी चिडत नसत. डोंगर आणि टेकडी यांचा वाद त्यांनी एका वाक्यात मिटवला होता.

‘‘मियाँ, बकरी चढते चढते हाँपी तो पहाड. नईं हाँपी तो टेकडी. लिखो.’’

‘‘आणि बकरी पाहिलीच नसेल तर?’’

‘‘तो पटवारी कू चढाओ,’’ असं म्हणून ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं.

मला ते काम आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. वस्तू आपापल्या जागी लावायची मला लहानपणापासून खोड. आई म्हणायची, याच्या ताटात भाजी आमटीला शिवली तर हा उपाशी उठेल. रिकामा रकाना मला बघवत नसे. संध्याकाळी तक्ता भरून झाला, प्रत्येक नावापुढे एकेक शब्द नीट बसला, की मला अगदी पोट भरल्यासारखं वाटायचं.

गावांच्या बाबतीत नियम पक्का होता. छप्पर असलेली दहा घरं असतील तर मौजा, म्हणजे पुरतं गाव. दहाच्या आत असतील तर मजरा, म्हणजे जवळच्या गावाची वाडी, तिचं नाव त्या गावाच्या पोटात जायचं. छप्पर असलेलं एकही घर नसेल तर बेचिराग, म्हणजे उजाड. तात्पुरत्या झोपड्या मोजायच्या नाहीत, हेही तिथंच बारीक अक्षरात छापलेलं होतं. ज्या नावांपुढे पटवाऱ्यानं काहीच लिहिलं नव्हतं ती ठिकाणं कुणीतरी जाऊन बघायची. मुन्शीजींना चालवत नसे, म्हणून मी जायचो.

तसं एक नाव फुलंब्रीच्या पलीकडचं होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. इस्फंदारचा महिना होता, म्हणजे आपला पौष. बसमधून उतरून गिरजा नदीच्या काठानं दोन तास चाललो आणि गावात शिरलो. भिंती उभ्या होत्या, छपरं नव्हती. दारांच्या चौकटी काढून नेलेल्या होत्या. पाटलाचा वाटावा असा एक मोठा चिरेबंदी चौथरा होता, त्यावरच्या घराचं माळवदही मधोमध फोडलेलं होतं. घराघरात ऊन पडलं होतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. मी सगळ्या गल्ल्या फिरलो, घरं मोजली, पंचवीस निघाली. छप्पर एकावरही नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसून पेन्सिलीनं ‘बेचिराग’ लिहिलं. काम लवकर आटोपलं म्हणून बरं वाटलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून कुणीतरी हाक मारली.

‘‘सरकार, तिथून भाईर या. तिथं बसू नका.’’

पलीकडे माळावर ओळीनं झोपड्या होत्या, त्या मला येताना बाभळींआड दिसल्याच नव्हत्या. हाक मारणारा म्हातारा गावचा पाटील होता. मी ओढ्याच्या अलीकडे थांबलो, तो पलीकडे थांबला. त्यानं मला जवळ येऊ दिलं नाही. तो म्हणाला, महिन्यापूर्वी गावात उंदीर पडायला लागले. प्लेगचे उंदीर. तेव्हा रीतीप्रमाणे अख्खं गाव बाहेर पडलं. घरात ऊन खेळावं म्हणून छपरं उतरवली आणि त्याच तुराट्यांच्या, त्याच लाकडांच्या या झोपड्या उभ्या केल्या.

मी शहरातला. प्लेगात लोक गाव सोडतात हे मला ठाऊक होतं. छपरं उतरवतात हे ठाऊक नव्हतं. उजाड गाव आणि ऊन खायला उघडं ठेवलेलं गाव सारखंच दिसतं, आणि मी दिसलं ते लिहिलं होतं. इथपर्यंत माझी चूक कुणीही पोटात घातली असती.

‘‘कशापायी आलात, सरकार?’’ पाटलानं विचारलं.

मी यादीचं सांगितलं. त्याला फारसं कळलं नाही. पण त्याच्या मागं पदर डोक्यावर घेऊन एक बाई उभी होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल. ती त्याची सून. तिला लगेच कळलं.

‘‘मामंजी, यादी म्हंजी सुईची यादी,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘माह्या माहेराला सुई आली. समद्याला टोचली. तिथं कुनी मेलं नाय. डाक्टर म्हनला, ज्या गावाचं नाव लिव्हलेलं असंल त्या गावाला सुई जाती. आमचं लिव्हलं का?’’

तिचं माहेर सडकेवरचं मोठं गाव होतं. तिथं प्लेगाची लस टोचायला टोळी आली होती, आणि टोळी गावांच्या यादीवरूनच फिरते ही गोष्ट खरी होती. मला ती माहीत होती.

मी तिला नियम सांगितला. आजही मला माझा तो आवाज ऐकू येतो, शाळामास्तरासारखा. झोपड्या चालत नाहीत. छप्पर असलेली दहा घरं दिसली असती तर मी मौजा लिहिला असता. माझ्या हातात काही नाही.

‘‘दहाच ना?’’ ती म्हणाली. ‘‘मंग आजच चढवतो की. काय लई येळ लागत नाय. दिस मावळायच्या आत दहा घरं झाकतो. तुमी इथंच बसा, भाकरी देते.’’

‘‘गप ए,’’ पाटील तिच्यावर ओरडला. ‘‘मरीआईला निवद दावल्याबिगर गावात पाय ठिवायचा नाय. आढं चढवायचं म्हनती! शिमग्याच्या आत कुनी आढं चढवलेलं हाय का?’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला मनातून सुटल्यासारखं झालं. छप्पर नको असं मी म्हटलेलं नव्हतं, त्यांच्याच रीतीनं म्हटलं होतं. मी तिला म्हणालो, ‘‘बघतो. दुरुस्ती करता येते नंतर.’’ तिनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं असावं.

बसमध्ये मी तक्ता काढून पाहिला. पेन्सिलीचा शब्द खोडायला एक बोट पुरलं असतं. पण खोडून काय लिहायचं? मौजा लिहिलं तर नियम मोडतो, मजरा लिहिलं तरी मोडतो, आणि बाहेर पडलेलं गाव अशी किस्म अठरांत नव्हती. रकाना रिकामा ठेवायचा तर ते माझ्या जिवाला सोसत नव्हतं. खोलीत परतल्यावर मुन्शीजींनी विचारलं, ‘‘आबादी देखे क्या?’’ मी म्हणालो, ‘‘जी नहीं.’’ त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी टाक शाईत बुडवून त्या शब्दावरून गिरवलं.

यानंतर मी जे केलं ते याहून वाईट. पंधरा दिवसांनी लस टोचणाऱ्या टोळीसाठी त्या भागातल्या गावांची नक्कल मागवली गेली, फक्त मौजे, मजरे त्यांच्या खाली. चांगल्या अक्षराचं काम म्हणून ते माझ्याकडे आलं. नक्कल करताना मी त्या ओळीशी आलो, थांबलो, ते मूल डोळ्यांपुढे आलं, आणि मी खालच्या ओळीवर गेलो. कुणी मला अडवलेलं नव्हतं. एक नाव जास्तीचं घातलं असतं तर कुणी पडताळायलाही आलं नसतं. मी घातलं नाही, कारण मूळ तक्ता आणि नक्कल जुळली पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती नक्कल फार सुबक झाली. मुन्शीजींनी शाबासकी दिली.

फरवर्दीच्या अखेरीस, म्हणजे शिमगा आठ दिवसांवर आला असताना, मयतांच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आमच्या खोलीत आला. दुसऱ्या खोलीतल्या कारकुनानं सोबत एक शेरा पाठवला होता. एका गावाहून मयतांची नोंद येते आहे, पण तुमच्या यादीत ते गाव बेचिराग आहे. उजाड गावात माणसं मरतात कशी, खुलासा करावा. मुन्शीजींनी शेरा वाचला, तक्ता काढला, नाव शोधलं. चिठ्ठ्या अकरा होत्या. पटवाऱ्याच्या गिचमिड अक्षरात नाव, वय, रोग. त्यांत पाटील होता. पाटलाचा मुलगाही होता.

‘‘मियाँ, ये तुम देख के आए थे ना?’’

‘‘जी.’’

‘‘आदमी थे वहाँ?’’

मी होय म्हणालो. ओढ्यापलीकडे होते म्हणालो.

‘‘बात करे?’’

‘‘केली.’’

त्यांनी चष्मा काढून तक्त्यावर ठेवला. त्यांचा श्वास वाजत होता. ‘‘फिर मेरे कू कायकू नईं बोले?’’

 ते रागावतील तर बरं, असं वाटत होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तू सांगितलं असतंस तर मी हैदराबादला लिहिलं असतं, नाहीतर लिहिलंही नसतं, नुसतं मौजा घातलं असतं. या अठरा किस्मी कुण्या पैगंबरानं आणलेल्या नाहीत. मग त्यांनी पानाचा डबा बंद केला. त्या दिवशी त्यांनी मला पान दिलं नाही, आणि तेवढ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या अकरा चिठ्ठ्या वाचून आलं नव्हतं, ही गोष्ट मला पुढे फार खाऊ लागली.

तक्ते अजून छापायला गेले नव्हते. मुन्शीजी म्हणाले, शिमग्यानंतर जा, पुन्हा बघून ये, दहा छपरं असतील तर मी सहीनिशी दुरुस्ती पाठवतो. कमी असतील तर मजरा लिहावं लागेल. मला ते ऐकून धास्ती वाटली, कारण मजरा झाला तर ते नदीपलीकडच्या गावाच्या पोटात जाणार होतं, आणि त्या गावानं प्लेगाच्या भीतीनं या लोकांना आपल्या शिवेत पाय ठेवू द्यायचं बंद केलं होतं, असं पटवारीच सांगत होता. टोळी पुढच्या थंडीत आली तरी ती त्या गावातच थांबणार, आणि ह्यांना तिथं कुणी शिरू देणार नाही. मी माझ्या येण्याचा निरोप पटवाऱ्याबरोबर आधीच पाठवला. असा निरोप पाठवायची रीत नव्हती.

शिमगा होऊन चार दिवस झाले होते. नदीच्या काठानं जाताना लांबूनच मला छपरं दिसली. नव्या तुराट्यांची, पिवळी. मी वाटेतच उभं राहून मोजली. दहा होती. मला इतका आनंद झाला की मी पुढची वाट जवळजवळ धावत गेलो.

माळावरच्या झोपड्या मोडलेल्या होत्या. गावाच्या तोंडाशी पाटलाची सून उभी होती, कडेवर ते मूल. कपाळ मोकळं होतं. मी तिच्या सासऱ्याबद्दल, नवऱ्याबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, ‘‘आधी मोजून घ्या, सरकार. मंग बोला.’’

पहिलं घर तिचं होतं. दारात चूल पेटलेली, अंगण सारवलेलं. दुसऱ्यात एक म्हातारी निवडत बसली होती. तिसऱ्या घरावरचं छप्पर चांगलं जाड होतं, आढं नवं होतं. मी सहज आत वाकून पाहिलं. जमिनीवर धूळ होती. चुलीच्या जागी उंदरांची बिळं होती, भिंतीच्या कडेला गवत उगवलेलं होतं. आत एक भांडं नव्हतं.

‘‘हे कुणाचं?’’

‘‘थोरल्या जावंचं.’’

‘‘ती कुठंय?’’

तिनं माळाच्या बाजूला हात केला. तिकडे आता झोपड्या नव्हत्या, मग ती काय दाखवते आहे हे मला कळायला वेळ लागला.

चौथं घर तसंच. पाचवं तसंच. ज्या घरात चूल पेटवायला कुणी उरलं नाही त्यावर आढं चढवत नाहीत, ते तसंच उघडं सोडतात, हे मला पटवाऱ्यानं नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त एका दारातून दुसऱ्या दारात वाकून पाहत होतो आणि ती माझ्या मागून येत होती. सातव्या घरापाशी मी थांबलो.

‘‘एकंदर किती घरांत माणसं आहेत?’’

‘‘चार,’’ ती म्हणाली. ‘‘मामंजींमागं आनखी लई मेली, बाकीची गाव सोडून गेली. सहा घरं उरली व्हती. त्यांतलीबी दोन पाव्हन्यांकडं गेली. ऱ्हायलेल्या आमीच चार घरच्यांनी समदी झाकली. चार आमच्यासाठी, सहा तुमच्यासाठी. तुमीच म्हनला व्हता, दहा पायजे.’’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं माझं म्हणणं ऐकलं होतं आणि त्याप्रमाणे केलं होतं. चार घरांतल्या उरलेल्या बायामाणसांनी, ज्यांच्या अंगात उभं राहायचं त्राण नसेल, त्यांनी दिरांच्या, जावांच्या, शेजाऱ्यांच्या रिकाम्या घरांवर लाकडं चढवली होती, तुराट्या बांधल्या होत्या. मी उरलेली तीन घरंही पाहिली. प्रत्येकापुढे उभा राहून मोठ्यानं आकडा म्हटला, आठ, नऊ, दहा. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही. तिथंच देवळाच्या पायरीवर बसून, तक्ता मांडीवर ठेवून, मी जुना शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि ‘मौजा’ लिहिलं. त्यापुढे ‘छप्पर असलेली घरं दहा’ असं लिहिलं. सही केली.

‘‘लिव्हलं?’’ तिनं विचारलं.

‘‘लिहिलं.’’

तिनं खाली बसून मुलाला कडेवरून मांडीवर घेतलं, त्याच्या अंगड्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि त्याचा दंड माझ्यापुढे धरला.

‘‘मंग टोचा,’’ ती म्हणाली.

मी तिला समजावून सांगू लागलो. मी डॉक्टर नाही. हा कागद आधी शहरात जातो, तिथून हैदराबादला जातो, मग छापून येतो, मग टोळी नेमली जाते, मग थंडीत कधीतरी. तिनं सगळं ऐकून घेतलं. बाही मात्र खाली केली नाही.